मैत्रिणी कशाला हव्यात लग्नानंतर?

एक वाक्य माझ्या भयंकर डोक्यात जातं. "त्या काळात नवऱ्याने साथ दिली म्हणून ती शिकली." शाळेच्या धड्यात हेच, वक्तृत्व स्पर्धेत हेच, आणि आठ मार्चला ऑफिसात गुलाबाचं फूल नि कपकेक वाटून झाल्यावर जे भाषण होतं त्यातही हेच. रमाबाईंना रानड्यांनी शिकवलं. आनंदीला गोपाळरावांनी शिकवलं. बायांना कर्व्यांनी उभं केलं. साचा एकदम फिक्स आहे. एक थोर नवरा, एक गुणी बायको, बाहेर दगड मारणारा समाज. टाळ्या. चला, जेवायला.

आता हे खोटं आहे का? अजिबात नाही. त्या पुरुषांनी केलं ते मोठंच होतं आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या त्याही खऱ्या. माझं भांडण वेगळं आहे. या गोष्टीत एक आख्खं पात्र गाळलेलं आहे, ते म्हणजे मैत्रीण. आणि ते गाळल्यामुळे आज, २०० वर्षांनी नव्हे तर जेमतेम १४० वर्षांनी, आपल्या पिढीतल्या शिकल्यासवरल्या, पॅकेजवाल्या मुलीसुद्धा असं धरून चालतात की मैत्रिणी म्हणजे लग्नाआधीची मजा. कॉलेजच्या बॅगेसारखी, नंतर माळ्यावर टाकायची.

आमच्या धंद्यात वाद झाला की लॉग उघडतात. कोण काय म्हणालं ते सोडा, सिस्टिममध्ये काय घडलं ते बघा. इथले लॉग म्हणजे या बायकांची पत्रं आणि आठवणी. ते उघडले तर गोष्ट बरीच वेगळी दिसते. बघूया.

सुरुवात घराजवळून करते. अंबरनाथला लोकल पकडा, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. तीन स्टेशनं. त्या कल्याणची, जोश्यांची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. १८७४ साली, नवव्या वर्षी तिचं लग्न तिच्याहून साधारण वीस वर्षांनी मोठ्या, पोस्टात नोकरी करणाऱ्या बिजवर गोपाळराव जोश्यांशी झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. गोपाळराव शिकवत होते हे खरं. अभ्यासासाठी मारत होते हेही खरं, आणि हे मी नाही सांगत, पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने स्वतः त्याची आठवण करून दिली आहे.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं की बायकोला शिकायला अमेरिकेत न्यायचंय, काही मदत होईल का. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि सोबत सल्ला दिला की ख्रिस्ती व्हा. म्हणजे दार उघडून परत लावून घेतलं. हे १८८० मधलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची थिओडिशिया कार्पेंटर नावाची एक बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसली होती, तिच्या हाती ते मासिक लागलं. घरी येऊन तिने या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. धर्म बदल वगैरे काही अट नाही. आनंदीने उत्तर दिलं. मग तीन वर्षं पत्रं, एकमेकींचं तोंडही न बघता! रीतीभाती, सणवार, औषधं, तब्येत, देव. आनंदी तिला मावशी म्हणायला लागली.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदी कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नाही. वय १८. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली तेव्हा न्यायला आलेली व्यक्ती कोण? कार्पेंटर मावशी. तो उन्हाळा ती त्यांच्या घरी राहिली, शाकाहारी राहून, साडी नेसून, आपला धर्म सांभाळून. मग कॉलेज, थंडी, खोकला, आजारपणं. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. तोपर्यंत गोपाळरावही अमेरिकेत येऊन पोचले होते. क्षयाने पोखरलेली आनंदी त्याच वर्षाच्या शेवटी भारतात परतली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हातात होती पण रुजू होताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना कमी होता.

आणि तिची रक्षा कुठे आहे माहीत आहे? कल्याणला नाही, पुण्याला नाही. ती कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी नावाच्या गावी, त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत आहे. मैत्रिणीच्या घराण्यात. माहेर नाही, सासर नाही, तिसरंच घर.

आता अजून एक गंमत. (गंमत म्हणजे, चीड आणणारी.) आनंदी गेल्यावर तिचं इंग्रजीत पहिलं चरित्र १८८८ मध्ये आलं, ते कॅरोलिन डॉल या बाईने लिहिलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. काशीबाई स्वतः शाळेत न जाता घरीच शिकलेल्या. या दोन्ही पुस्तकांच्या मुख्य नावात फक्त आनंदीबाई आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी, बस. मग १९६८ मध्ये श्री. ज. जोश्यांची कादंबरी आली, 'आनंदी गोपाळ'. २०१९ मध्ये सिनेमा आला, तोही 'आनंदी गोपाळ'. बायकांनी लिहिलं तेव्हा ती एकटी नावावर पुरली. नंतर मात्र गोपाळ जोडल्याशिवाय चालेना! कादंबरी चांगली नाही असं मी म्हणत नाही. पण 'आनंदी थिओडिशिया' असं नाव कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का, ते सांगा.

आता तिच्या कॉलेजबद्दल, कारण मला जे म्हणायचंय त्याचा दुसरा धागा तिथे आहे. फिलाडेल्फियाचं हे बायकांचं मेडिकल कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं ते क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने. आपल्याकडे क्वेकर म्हटलं की ओट्सचा डबा आठवतो :) त्या डब्याचा या लोकांशी नावापलीकडे संबंध नाही. क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला ख्रिस्ती पंथ. त्यांचं स्वतःचं नाव फार गोड आहे, 'सोसायटी ऑफ फ्रेंड्स', म्हणजे मित्रमंडळी. पुजारी नाही. सभेत सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. तो किंवा ती. बायकांनी धर्मसभेत बोलणं योग्यच आहे असं ठणकावून सांगणारी पुस्तिका मार्गारेट फेलने १६६६ मध्ये लिहिली. १६६६! म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याला गेले ते वर्ष.

पण मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे बायकांच्या वेगळ्या सभा. नुसतं भजन-कीर्तन नाही हं. स्वतःची चिटणीस, स्वतःची इतिवृत्ताची वही, स्वतःचा निधी. गरिबांना मदत, आजाऱ्यांची चौकशी, लांबच्या गावच्या बायकांच्या सभेला पत्रं. आणि लग्न! कोणा मुलामुलीला लग्न करायचं असेल तर त्यांनी सभेपुढे येऊन तसं सांगायचं. मग बायकांची सभा दोघी जणींना नेमायची आणि त्या मुलीकडे जाऊन चौकशी करायच्या की सगळं नीट आहे ना, आधी कुठे शब्द दिलेला नाही ना. लग्नात भटजी-पाद्री कोणी नाही. दोघांनी एकमेकांना शब्द द्यायचा, त्यात बायकोने आज्ञेत राहण्याचं कलम नाही, आणि हजर असलेल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, कागदावर साक्षीदार म्हणून सह्या करायच्या.

घरात काय चालायचं ते फिलाडेल्फियाच्या एलिझाबेथ ड्रिंकरच्या डायरीत दिसतं. १७५८ मध्ये तिने लिहायला घेतली, तेव्हा ती तरुण होती, आईवडील गेलेले, बहिणीबरोबर राहायची. डायरीत काय? कोण चहाला आलं, कोणाकडे आपण गेलो, काय शिवलं, कोण आजारी आहे. वाचायला अगदी साधं. १७६१ मध्ये तिचं लग्न झालं आणि डायरी थांबली नाही, १८०७ पर्यंत चालली. बहीण मेरी लग्न न करता तिच्याच घरात आयुष्यभर राहिली, घर दोघींनी मिळून चालवलं. नवरा आला म्हणून बहीण नि मैत्रिणी घराबाहेर गेल्या नाहीत. त्याच शहरात रेबेका जोन्स आणि हॅना कॅथरॉल या दोघींनी मिळून मुलींची शाळा चालवली. धर्मप्रचाराला बाई निघाली तर सोबत दुसरी बाई जायची, महिनोन्‌महिने, कधी समुद्रापलीकडे, आणि मागे घर-मुलं सांभाळायला सभा असायची.

या चहाच्या टेबलांना हसू नका. ९ जुलै १८४८ ला न्यूयॉर्क राज्यात वॉटरलू गावी जेन हंटच्या घरी पाच बायका चहाला जमल्या. त्यातल्या चौघी क्वेकर घरांतल्या, पाचवी एलिझाबेथ केडी स्टँटन. बोलता बोलता ठरलं की बायकांच्या हक्कांची परिषद घ्यायची. दहा दिवसांत घेतलीही, सेनेका फॉल्सला. अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकाराची चळवळ तिथून मोजतात.

देवमाणसं होती असं नाही. पंथाबाहेर लग्न केलं तर सरळ नाव कापायचे. साधेपणाच्या नावाखाली कपड्यांच्या रंगावरही नजर. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम ठेवायला पूर्ण बंदी घातली ती १७७६ मध्ये, तोपर्यंत त्यांच्यातही गुलाम ठेवणारे होतेच. ते सगळं मान्य. पण एक गोष्ट त्यांनी केली. बायकांच्या मैत्रीला त्यांनी जागा दिली, वेळ दिला, वही दिली आणि पैसे दिले. तिला संस्था मानलं. म्हणून त्यातून कॉलेज उभं राहू शकलं. १८६९ मध्ये त्या कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात लेक्चरला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, अंगावर थुंकले. त्या घोळक्याने गेल्या होत्या, आणि जायच्या थांबल्या नाहीत. एकटी असती तर? याच कॉलेजातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आपली आनंदी, जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या पोशाखात. तीन देशांतल्या तीन मुली, घरापासून हजारो मैल, आणि शेजारी शेजारी बसलेल्या.

आता परत पुण्याला येऊ. त्याच काळात आपल्या मुलींकडे काय होतं?

रमाबाई रानडे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न, नवरा तिशी ओलांडलेला. रात्री माधवराव शिकवायचे. छान. पण दिवसा? दिवसा माधवराव कोर्टात, आणि रमाबाई घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या ताब्यात. टोमणे, अबोला, शिकतेस म्हणून शिक्षा. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चं पुस्तक उघडा, पानोपानी आहे. मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी गव्हर्नरसमोर तिने इंग्रजीत निवेदन वाचलं तर घरात रणकंदन. नवऱ्याचा सल्ला काय, तर सोसावं, उलट बोलू नये. देशातल्या सगळ्यात पुढारलेल्या माणसाच्या घरातली ही स्थिती! म्हणजे नवऱ्याची साथ कशी होती, तर सातच्या पुढे मिळणारी. दिवसाचे बारा तास तिच्याजवळ काय होतं?

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय २४, नुकत्याच विधवा झालेल्या, कडेवर लहानगी मनोरमा. त्यांनी आर्य महिला समाज काढला, बायका बायकांनी जमायचं, वाचायचं, बोलायचं. रमाबाई रानडे तिथे जायला लागल्या. वयं बघा जरा. पंडिता २४, काशीबाई कानिटकर २१, रमाबाई विशीच्या, आनंदी १७. आमच्या ऑफिसातल्या फ्रेशर बॅचचं वय आहे हे. आपण यांना 'बाई' म्हणून फ्रेममध्ये घातलं, हार घातला, आणि या मुली होत्या हेच विसरलो. मुलींना लागतात तशा त्यांनाही मैत्रिणी लागत होत्या.

मग ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींतली एक म्हणजे गोदूबाई जोशी, नंतरच्या बाया कर्वे. त्या काळी ब्राह्मण घरातल्या तरुण विधवेचं आयुष्य म्हणजे वपन, अलवण, एकभुक्त आणि चुलीपुढचा अंधार. अशा मुली इथे एका छपराखाली शिकत होत्या, एकीचं दुखणं दुसरी काढत होती. घर होतं ते. नवरा नसलेलं घर. बाया तिथे राहिल्या, ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न होईपर्यंत. म्हणजे कर्व्यांनी 'उभं करण्या'आधी चार वर्षं त्या बायकांच्या घरात उभ्या राहून झाल्या होत्या! पुढे हिंगण्याला कर्व्यांचा आश्रम वाढला तेव्हा बायांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले तिथे आली, शिकली, आणि गावोगाव हिंडून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत राहिली.

आणि त्याच १८९३ मध्ये काय झालं? सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ उठला. 'केसरी' तुटून पडला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पालकांनी धडाधड मुली काढून नेल्या. धर्मांतराच्या प्रश्नावर कोण बरोबर होतं यात मी आत्ता शिरत नाही. मला दिसतं ते इतकंच की पुरुषांचा पाठिंबा परवान्यासारखा होता. दिला, तसा परत घेतला. ज्या मुली एकत्र राहत होत्या त्यांना कोणी विचारलं नाही. मैत्री तोडणं म्हणजे काही तोडणं आहे असं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल की या सगळ्या सदाशिव पेठी बायका झाल्या. बरोबर, बहुतेक ब्राह्मणच. पण त्यांच्याआधी तीस वर्षं सावित्रीबाई फुल्यांचं पत्र आहे, ऑक्टोबर १८५६ चं. आजारी पडून त्या माहेरी नायगावला गेल्या आहेत आणि जोतीरावांना लिहिताना फातिमाची काळजी करतात की तिच्यावर कामाचा भार पडत असेल. शाळा चालवणारी एक बाई, तिच्या मागे शाळा सांभाळणारी दुसरी बाई. सावित्रीजोतीची जोडी सगळ्यांना पाठ आहे. सावित्री-फातिमा ही जोडी मात्र आत्ता कुठे पोस्टरवर यायला लागली, तीही वाद घालत घालत.

दुसरा आक्षेप येणार मला माहीत आहे. "गोपाळराव नसते तर आनंदी चुलीपुढेच मेली असती." शक्य आहे. दार त्यांनी उघडलं. पण दार उघडणं आणि दाराबाहेर तीन वर्षं जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिल्याचा पुतळा उभारला आणि दुसरीचं नावही विसरलो. शिवाय यातून मुलींना शिकवण काय मिळते? की पुढे जायचं असेल तर चांगला नवरा शोधा. झालं! आख्खी स्ट्रॅटेजी एका माणसाच्या स्वभावावर. आम्ही याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. एक सर्व्हर बसला की सगळं बंद. असं डिझाइन कोणी रिव्ह्यूला आणलं तर त्याला परत पाठवतील. आणि आयुष्याच्या बाबतीत आपण ते आशीर्वाद म्हणून देतो, "चांगला नवरा मिळो."

आता आजचं बघा. मी लग्नाच्या बाजारात सध्या आहे, त्यामुळे प्रश्नपत्रिका तोंडपाठ आहे. पॅकेज किती? नाइट शिफ्ट असते का? लग्नानंतर नोकरी करणार ना? (आता हा प्रश्न असाच विचारतात, ईएमआयमुळे :)) स्वयंपाक येतो का? ट्रान्सफर चालेल का? एका ठिकाणी मीच म्हटलं, माझ्या चार मैत्रिणी आहेत, आम्ही महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी राहायला जमतो, ते चालू राहील. शांतता. मग मुलाची आई हसून म्हणाल्या, "अगं, लग्नानंतर मैत्रिणी कशाला? आमच्या मिहिरचा ग्रुप आहे ना, त्यांच्या बायका आहेत सगळ्या." (मिहिर हे नाव बदललंय.) म्हणजे नवरा तर मिळणारच, त्याच्याबरोबर मैत्रिणीही पॅकेजमध्ये. इन्स्टॉल करून येतात.

आणि हे दुष्ट लोक नव्हते बरं का. चांगली, हसरी, मोकळी माणसं होती. तेच तर दुखणं आहे. रानड्यांच्या घरातल्या बायकांना निदान कळत होतं की आपण अडवतोय. इथे कोणाला अडवल्यासारखं वाटतच नाही.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीत बघते. रविवारी सकाळी पुरुष मंडळी टर्फवर, नाहीतर ट्रेकला. मित्र घरी आले की बायको पोहे करते, चहा करते, मॅच संपेपर्यंत करते. तिच्या मैत्रिणी आल्या तर? नवरा आत मोबाइल घेऊन बसतो, दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन पाणी पितो, आणि सासूबाई कुकर लावायची वेळ मोठ्याने सांगतात. मैत्रिणींना कळतं. पुढच्या वेळी त्या बाहेर भेटू म्हणतात. त्याच्या पुढच्या वेळी भेटत नाहीत.

मग मैत्री जाते कुठे? लेडीज डब्यात. अंबरनाथ ते सीएसएमटी ६० किलोमीटर, दीड तास. तिथे भाजी निवडतात, डोहाळजेवण करतात, संक्रांतीला हळदीकुंकू करतात, नवरात्रात रंग ठरवून साड्या नेसतात. फोटो छापून येतात, किती छान, मुंबई स्पिरिट वगैरे. मला ते फोटो बघून भरून येतं आणि मग रागही येतो. या बायकांना घरं आहेत ना? टू बीएचके, थ्री बीएचके, त्यात त्यांचा अर्धा ईएमआय. तरी त्यांच्या मैत्रीला जागा कुठे, तर चालत्या गाडीत, हँडलला लटकून. कारण तो वेळ तसाही प्रवासाचा असतो, कोणाच्या वाटणीचा कापलेला नसतो. आणि ज्यांना वर्क फ्रॉम होम मिळालं त्यांचा तर तोही डबा गेला.

जरा लांबचंही बघा. आपल्यातल्या कितीतरी मुली लग्न करून न्यू जर्सीला जातात. एडिसन. आनंदी जिथे मावशीच्या घरी उतरली ते रोझेल तिथून फार लांब नाही. १८८३ मध्ये एक मुलगी तीन वर्षं पत्रं लिहून मिळवलेल्या मैत्रिणीच्या जोरावर तिथे गेली. आज एच-फोरवर जाणारी इंजिनिअर मुलगी बहुतेक वेळा नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांच्या भरवशावर जाते. तिकीट स्वस्त झालं, फोन फुकट झाला. बाकी प्रगती तुम्हीच मोजा.

"अहो पण मुलग्यांचेही मित्र तुटतात की लग्नानंतर." तुटतात, आणि वाईटच आहे ते. पण त्यांना कोणी मुलाखतीत विचारत नाही की मित्र कशाला. त्यांचं तुटणं आळसाने होतं, आपलं नियमाने.

मग करायचं काय? नुसतं चिडून उपयोग नाही, म्हणून तीन ठोस गोष्टी सांगते.

एक. कांदेपोह्यांच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न टाका, आणि मुलींनी टाका. "माझ्या मैत्रिणी घरी येतील, राहतील. तुला चालेल का?" उत्तर ऐका. उत्तराआधीची शांतताही ऐका. पॅकेजपेक्षा जास्त माहिती मिळते. क्वेकर मुलीकडे सभेच्या दोघी जणी चौकशीला यायच्या. तुमच्याकडेही मुलगा बघायला मैत्रिणी येऊ देत. काका-मामा येतात, त्यांना काय कळतं तुमच्याबद्दल?

दोन. घरात वेळ ठरवून घ्या. ठरवून, कॅलेंडरवर. क्वेकर बायकांची सभा ठरलेल्या दिवशी भरायची, सगळ्यांची कामं उरकल्यावर नव्हे. कामं कधीच उरकत नाहीत. महिन्यातला एक शनिवार तुमचा. त्या दिवशी नवऱ्याने चहा करायचा आणि मग दोन तास पाणी प्यायला बाहेर यायचं नाही :)

तीन. मुलींनो, हे आपल्यासाठी. नवऱ्याला, सासूला शिव्या घालणं सोपं आहे, पण लग्न ठरलं की ग्रुपवर 'बिझी गं' म्हणणारी पहिली बहुतेक वेळा आपणच असतो. आपल्यालाही तोच धडा पाठ आहे ना, की तो भेटला आता बाकीचं काय. मैत्रिणीचा फोन ही फावल्या वेळातली गोष्ट नाही. ज्या दिवशी नोकरी जाईल, बाळ रात्रभर रडेल, रिपोर्ट वाईट येतील, किंवा नवरा चांगला असूनही कोर्टात असेल, त्या दिवशी दिवसाचे बारा तास तीच असणार आहे.

आणि जे पुरुष इथवर वाचत आलेत (आलात ना?), त्यांना एवढंच. कोणी तुम्हाला रानडे किंवा कर्वे व्हायला सांगत नाहीये. बायकोला शिकवायची वेळ गेली, ती शिकून आली आहे, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. हॉल मोकळा करून द्या. तेवढं पुरे.

असो. फार झालं. उद्या रविवार, म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असणारच. तरी डोंबिवलीला जायचंय, मैत्रिणीच्या मुलीचं बारसं झाल्यापासून आम्ही पाच जणी एकत्र भेटलेलो नाही. तिच्या नवऱ्याने विचारलं, किती वाजेपर्यंत आहात? मी म्हटलं, सोमवारपर्यंत.